चार हापे, तीन पिंड

त्या वर्षी भाद्रपद लागेपर्यंत आमच्या शेततळ्यातले मासे माझी सावली ओळखू लागले होते. प्रातःस्नान आणि संध्या आटोपून, भाताचा कोंडा व शेंगदाण्याची ढेप कालवलेली बादली घेऊन मी काठावर उभा राहिलो, की पाण्यावर पडलेल्या माझ्या सावलीत प्रथम एक थरथर उठे आणि मग असंख्य लहान तोंडे एकदम वर येत. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. माझ्या वर्गात येण्याने इतका आनंद कोणाला झाल्याचे मला स्मरत नाही.

मासे माझे नव्हते. ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे होते. तिचे माहेर आमच्या जानेफळचे. नववीत असताना तिचे लग्न ठरले आणि ती अमडापूरच्या बाजूला, एका तलावाकाठच्या गावी सासरी गेली. शब्दरूपे तिच्याइतकी शुद्ध म्हणणारे त्या वर्गात दुसरे कोणी नव्हते. तिच्या वडिलांकडे जाऊन एक शब्द बोलावा असे मला त्या वेळी वाटले होते. मी गेलो नाही. तीस वर्षांनी ती शेततळे मागायला आमच्या ओसरीवर येऊन बसली, तेव्हा मी विचार करायला अवधी मागितला नाही, त्याचे कारण हेच.

तिच्या गावच्या तलावात मासेमारी करणाऱ्या कुटुंबांची एक संस्था होती आणि ती तिची प्रमुख होती. दूरच्या केंद्रातून आणलेले मत्स्यबीज दोन वर्षे वाटेतच मेले. तिसऱ्या वर्षी जिवंत पोहोचले, पण ते इतके लहान होते की तलावातल्या मरळ माशांनी त्याचा फडशा पाडला. संस्थेतले वडीलधारे कंटाळले. तलाव बाहेरच्या ठेकेदाराला देऊन टाकावा असे त्यांनी ठरवत आणले. हिने एक वर्ष मागून घेतले. जिऱ्याएवढी पिल्ले आणून ती जवळच्या तळ्यात बोटाएवढी होईपर्यंत वाढवायची आणि मगच तलावात सोडायची, असा तिचा विचार होता. अशा वाढलेल्या पिल्लाला बोटुकली म्हणतात. बोटुकल्या जगल्या तर तलाव गावाचा राहील, मेल्या तर जाईल, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

आमच्या घरात मासा शिजत नाही. भावकीतल्या एकाने विचारलेही, की ज्यांना पुढे जाळ्यातच जायचे त्यांना गुरुजी कशाला वाढवतात? ज्या घरांची चूल त्या तलावावर पेटते त्यांच्या अन्नाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही, एवढेच मला कळत होते. आणि जोवर ते जीव माझ्या पाण्यात होते तोवर ते माझे अतिथी होते. अतिथी हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. पुढचा सारा घोटाळा त्याच शब्दाने केला.

दोन महिने ती भावाच्या घरी राहून तळे सांभाळत होती. पितृपंधरवड्याच्या शेवटी, चतुर्दशीच्या पहाटे, बोटुकल्या न्यायच्या ठरल्या. द्वादशीला तिने जाळे ओढून त्या गोळा केल्या आणि तळ्याच्या दक्षिण कोपऱ्यात चार हाप्यांत ठेवल्या. हापा म्हणजे बारीक जाळीची, वरून उघडी, चार बांबूंना बांधून पाण्यात सोडलेली झोळी. त्यात दाटीने राहण्याची त्यांना सवय व्हावी आणि पोटे रिकामी व्हावीत, हा हेतू. प्रवासात त्या प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत असतात. पोटात अन्न असेल तर त्याच पाण्यात घाण होते आणि तीच त्यांना मारते.

हे सारे तिने मला समजावले. मग माझ्या हातातल्या बादलीकडे पाहून म्हणाली, "गुरुजी, आता दोन दिवस यायले उपास. तुमी एकादशी करता तसा. वर आले तरी काई टाकू नोका."

मी होकार दिला. उपवास हा विषय मला कोणी शिकवावा असा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्रयोदशी होती, माझ्या वडिलांची तिथी. श्राद्ध यथाविधी झाले. गाईचा घास गाईला गेला, कावळ्याचा कावळ्याने नेला. तीन पिंडांचे विसर्जन मी शेततळे खोदल्यापासून तिथेच करीत आलो आहे. एका ताम्हनात पिंड आणि दुसऱ्या पात्रात उरलेला भात घेऊन मी भर दुपारी तळ्यावर गेलो. दिशा पितरांची म्हणून दक्षिणेच्या काठावर उभा राहिलो. हापे त्याच काठाशी आहेत हे मला माहीत होते. त्यांच्यापासून दूर जाऊन पिंड सोडावेत असा विचार मी घरातून निघतानाच केला होता.

परंतु माझी सावली पहिल्या हाप्यावर पडली.

त्या सगळ्या वर आल्या. कालपासून उपाशी असलेल्या बोटुकल्या एकमेकींच्या पाठींवर चढून तोंडे उघडत होत्या, आणि त्या उघडण्या-मिटण्याचा, पावसाच्या बारीक थेंबांसारखा, एक आवाज येत होता. माझ्या हातात अन्न होते. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी दाराशी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, हे मी बालपणापासून पाळत आलो आहे. तिचे शब्द मी विसरलो नव्हतो. मला ते स्पष्ट आठवत होते, आणि तरीही मी म्हटले की एका पिंडाने एवढ्या जिवांचे काय होणार. पहिला पिंड मी कुस्करून त्या हाप्यात सोडला.

शेजारच्या हाप्यातल्या तेवढ्यात वर येऊन पाहत होत्या. एका पंगतीत एकाला वाढावे आणि दुसऱ्याला वगळावे, या पंक्तिभेदाइतके मोठे पाप अन्नाच्या बाबतीत आमच्या घरात मानले गेले नाही. मी दुसरा पिंड दुसऱ्यात सोडला, तिसरा तिसऱ्यात. चौथ्यासाठी पिंड उरला नव्हता, तेव्हा पात्रातला भात, तूप आणि तिळासकट, सगळा त्यात ओतला. मग तो जास्त वाटला म्हणून हाताने थोडा उचलून उरलेल्या तिन्ही हाप्यांत समान वाटला. हे मी किती काळजीपूर्वक केले ते आता लिहिताना मला लाज वाटते.

घरी आलो तेव्हा पानावर बसण्यापूर्वी पत्नीने रिकामे पात्र पाहिले. भात कुठे गेला, असे तिने विचारले आणि मी सांगितले. तिने हातातला डाव खाली ठेवला. त्यांना उपाशी ठेवायला सांगितले होते ना, एवढेच ती म्हणाली.

पानावरचे अन्न टाकता येत नाही म्हणून मी जेवलो. नंतर ओसरीवर बसून पंचांग उघडले. जानेफळातली माणसे विहिरीच्या पहिल्या कुदळीपासून घराच्या उंबरठ्यापर्यंत मला दिवस विचारतात. उद्याचा योग चांगला नाही, एवढे चार शब्द मी उच्चारले असते तर पहाटेचा प्रवास आपोआप थांबला असता आणि माझा हात कोणालाच दिसला नसता. मात्र त्यानंतर अमावास्या होती. तिला तर कोणी हलले नसते. नवरात्राची घटस्थापना आली असती, आणि तोवर त्या दाटीत, भाद्रपदाच्या उन्हात, बोटुकल्या टिकल्या नसत्या. तरीही मी पाने उलटत राहिलो. एखादा दोष खरोखरच सापडेल अशी मला आशा होती.

आतून पत्नी बाहेर आली. "पंचांग काय काढता," ती म्हणाली, "फोन काढा."

माझी विद्यार्थिनी मेहकरला प्राणवायूचे सिलिंडर आणायला गेली होती. फोनवर मला सांगता आले नाही. तडक तळ्यावर ये, इतकेच बोललो. ती आली तेव्हा मी काठावर उभा होतो, सावली पाण्यापासून लांब राहील असा. मी तिला घडलेले जसेच्या तसे सांगितले. पंक्तिभेदाचेही सांगितले, कारण ते वगळले असते तर ते खोटे झाले असते.

ती पदर खोचून पाण्यात उतरली, पहिल्या हाप्याची कड उचलली आणि एक बोटुकली ओल्या तळहातावर घेऊन अंगठ्याने तिचे पोट अगदी हलके दाबले. विष्ठेचा काळपट धागा बाहेर आला. तिने ती पाण्यात सोडली आणि दुसऱ्या हाप्याकडे गेली. मग तिसऱ्या, मग चौथ्या. प्रत्येक वेळी तो धागा मी काठावरून पाहत होतो.

"चारीत सारखाच टाकला, नाई का गुरुजी," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

ती बांधावर येऊन बसली. पाय चिखलाने भरले होते. ती पाण्याकडे पाहतच बोलली. "दुसऱ्या कोणी केलं असतं तं मी तोंड भरून बोलली असती. तुमाले काय बोलू?"

या वाक्याने मला जितके लागले तितके तिच्या रागाने लागले नसते. मी तिला म्हणालो, की बोल. तू बोलली नाहीस तर मला पुढचे काम करता येणार नाही. ती मान हलवून उठली आणि बोलण्याऐवजी हिशेब मांडू लागली. उद्या नेणे अशक्य. मोकळ्या तळ्यात सोडून पुन्हा जाळे ओढावे तर अंगावरचे खवले जाऊन त्या आजारी पडतील. पोटे पुन्हा रिकामी व्हायला आजची दुपार, रात्र आणि उद्याचा पूर्ण दिवस हवा. म्हणजे परवा पहाटे, सर्वपित्री अमावास्येला, निघायचे. तोवर ऊन सोसले तर सोसले.

गाडी आमच्याच गल्लीतल्या एकाची होती. तोही माझ्याकडे शिकलेला. नवी गाडी घेताना त्याने मला दिवस विचारला होता आणि अमावास्येला चाक हलवू नये असे मीच त्याला बजावले होते. तेव्हापासून तो महिन्याचा एक दिवस गाडी अंगणात उभी ठेवी. संध्याकाळी मी त्याच्याकडे एकटा गेलो. निघताना ती म्हणाली होती, की मी येते सोबत. मी नको म्हणालो.

तो चाके धूत होता. मी परवाचे बोललो तेव्हा त्याने पाण्याचा पाइप खाली टाकला. "गुरुजी, तुमीच तं सांगतलं होतं. आता काऊन उलटं सांगून राह्यले?"

मग मला सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. शेवटी हेही सांगितले, की अमावास्येला मंगलकार्याचा आरंभ करू नये इतकेच मला माहीत आहे. चाक हलवू नये हे मी माझ्या पदरचे घातले होते, कारण छोटा नियम पाळायला कठीण आणि सरसकट नियम सोपा वाटतो. तो ऐकत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर एक जुने हसू आले.

"सातवीत मी तासाले डबा खाल्ला होता," तो म्हणाला. "तुमी मले पूरा तास उभं केलं. आठवते?"

मला आठवत नव्हते. मी आठवते म्हणालो नाही.

"मंग परवा मांगं बसा, पेट्या धरून. माह्या घरीबी पान वाढाचं हाय, दुपारच्या आत वापस आलो पायजे."

चतुर्दशीचा दिवस मी विसरू शकत नाही. वारा पूर्ण पडला होता. सकाळी दहापासूनच बोटुकल्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागल्या; अन्नासाठी वर येणे आणि श्वासासाठी वर येणे यांतला फरक मला त्या दिवशी कळला. पाण्यात हवा मिसळावी म्हणून हाप्यांत सतत पाणी उडवायचे होते. ती एका बाजूने उडवत होती, मी दुसऱ्या बाजूने, कमरेइतक्या पाण्यात उभा. तिने मला एकच अट घातली होती.

"तुमची सावली यायच्यावर पडू देऊ नोका. वर येतीन आन् दमतीन."

सूर्य सरकेल तसा मी सरकत राहिलो. माझ्या आजोबांच्या काळी आमच्या घरात सावलीचा विटाळ मानीत असत, आणि तो कोणाच्या सावलीचा मानीत असत हे मला ठाऊक आहे. माझी सावली कोणाला बाधेल असा विचार मात्र आमच्या घरात तोवर कोणी केला नव्हता. मी तो त्या पाण्यात दिवसभर केला. ओंजळीगणिक नाम घेत होतो. पुढे पुढे नाम सुटले आणि नुसते पाणी उरले. दुपारी पत्नीने आपली जुनी नऊवारी लुगडी आणून बांबूंवर ताणली, तेव्हा कुठे त्या थोड्या खाली गेल्या. तरी संध्याकाळी तिसऱ्या हाप्यातून ओंजळभर मेलेल्या निघाल्या.

तलावाकाठच्या वडीलधाऱ्यांपैकी एकाचा फोन आला होता. ती लांब जाऊन बोलली आणि परत येऊन पुन्हा पाणी उडवू लागली. काय म्हणाले ते मी विचारले. ठेकेदाराचा माणूस उद्या गावात येणार आहे, असे तिने सांगितले. त्यानंतर आम्ही दोघे अंधार पडेपर्यंत पाणी उडवत राहिलो.

अमावास्येला उजाडता उजाडता तिने पुन्हा चारही हाप्यांतल्या बोटुकल्यांची पोटे दाबून पाहिली. धागा आला नाही. पिशव्या भरल्या गेल्या, त्यांत तळाशी पाणी, वर प्राणवायू, तोंडाला रबर; प्रत्येक पिशवी एका खोक्यात. आधी ठरवल्यापेक्षा कमी बोटुकल्या तिने एकेका पिशवीत घातल्या. गाडीवाला आला. मला पुढे बसण्याचा आग्रह त्याने मनापासून केला, त्या दिवशीचे बोलणे गमतीचे होते असेही म्हणाला. मी मागे बसलो.

रस्ता खराब होता. मी दोन्ही हातांनी खोकी धरून प्रत्येक पिशवीतले पाणी पाहत होतो. अर्ध्या वाटेवर कडेच्या दोन पिशव्यांतले पाणी गढूळ होऊ लागले आणि त्यावर पांढरा फेस धरला. त्यांतल्या काही बोटुकल्या कुशीवर कलल्या. काहींची पोटे पूर्ण रिकामी झाली नव्हती. ते तूप होते, की तीळ, की माझ्या वडिलांच्या नावाचा भात, हे मला समजण्याचा मार्ग नव्हता. मी केबिनच्या काचेवर टकटक केली. तिने मागे वळून पाहिले आणि हाताने खूण केली, की उघडायचे नाही, चालू द्या.

तलावाच्या काठी आठ-दहा माणसे उभी होती. त्यांच्यात तो फोन करणारा वडीलधारा होता आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या कपड्यांतला एक अनोळखी माणूस. पिशव्या न उघडता पाण्यावर तरंगत ठेवल्या गेल्या. पिशवीतले पाणी आणि तलावातले पाणी यांचे उष्णमान एक होईपर्यंत थांबावे लागते. घाई केली तर वाचलेले जीवही त्या धक्क्याने जातात. मी जन्मभर धैर्य शिकवत आलो, पण त्या वीस-पंचवीस मिनिटांत ते माझ्यापाशी नव्हते. तिच्यापाशी होते. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून पिशव्यांवरून हात फिरवत होती.

मग तिने पहिली पिशवी सोडली. तोंड तिरपे करून तलावाचे थोडे पाणी आत घेतले आणि थांबली. आतल्या बोटुकल्या हलल्या नाहीत. वडीलधारा पुढे झुकला. त्यानंतर एक बाहेर आली, काठाशीच थबकली, आणि खोल पाण्याकडे वळली. तिच्यामागे दुसऱ्या निघाल्या, आधी एकेक, मग एका ओघाने. काठावर कोणीतरी श्वास सोडला. तिने दुसऱ्या पिशवीला हात घातला.

गढूळ पाण्याच्या त्या दोन पिशव्या तिने शेवटी उघडल्या. त्यांतल्या फार थोड्या पोहल्या. बाकीच्या तिने टोपलीत घेऊन काठावर ठेवल्या. कावळे लगेच आले. त्या दिवशी त्यांना घरोघरी बोलावणे होते, तरी ते इथे आले.

वडीलधाऱ्याने टोपलीकडे पाहिले, मग पाण्याकडे. "एवढ्या मोठ्या तं आजवर कोणीच आणल्या नाई," तो म्हणाला, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाला हात जोडून, आता चहा घेऊनच जा, असे सांगितले. तो माणूस चहा न घेता गेला. मी त्या दोन पिशव्यांचे कारण काठावरच्या सगळ्यांना सांगणार होतो. तोंडही उघडले होते. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. "माह्या हिशोबात ते आलं गुरुजी," ती म्हणाली. गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. त्याच्या घरी पान वाढायचे होते आणि माझ्याही.

पुढच्या वर्षी श्रावणातच ती पुन्हा आमच्या ओसरीवर आली. तळ्यात नवी पिल्ले सोडून तीन आठवडे झाले होते. तिने चहाही घेतला नाही तोवर विचारले, "औंदा तुमच्या बाबाची तिथ कवा येते?"

मी पंचांग उघडून दिवस सांगितला. तिने बोटांवर मोजले आणि हाप्यांत ठेवण्याचा दिवस त्याच्या पुढे दोन दिवस नेला.

त्या त्रयोदशीला मी पिंडांचे ताम्हन घेऊन दक्षिणेच्या काठावर उभा राहिलो. हापे अजून बांधलेले नव्हते. तळे मोकळे होते. ती पलीकडच्या बांधावर जाळे दुरुस्त करत बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती. मी पुढे सरकलो आणि माझी सावली पाण्यावर पडू दिली.